आडवा चमचा

"तारीख सांगू नकोस," उन-बे म्हणाला. "कालपासून तू आप्पांच्या शंभर गोष्टी सांगितल्यास, मी ऐकल्या. तेवढी एक राहू दे."

क्लावदियाने पर्सची उघडलेली चेन पुन्हा ओढून घेतली. आत रशियन भाषेतला, निळा शिक्का मारलेला एक कागद होता. त्या कागदासाठी तिने कझाकस्तानच्या कचेऱ्यांमध्ये चार महिने हेलपाटे घातले होते. दोन विमानं आणि तीन बसगाड्या बदलून ती इथवर आली होती. आणि साठ वर्षं नुसतं नाव ऐकलेला सावत्र भाऊ आता कानांवर हात ठेवायच्या बेतात होता.

"दादा, मग मी आले कशाला?"

"भेटायला आलीस. भेटलीस. वहिनीच्या हातचं चार दिवस जेव, आणि सुखाने जा."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा मुलगा हान-सोप सरकारी अर्ज मांडीवर घेऊन बसला होता. तो देगू शहरातल्या शाळेत इतिहास शिकवायचा. दुसऱ्यांच्या राजांच्या तारखा त्याला तोंडपाठ होत्या, आणि आपल्या आजोबांची एक तारीख ठाऊक नव्हती, याची त्याला अलीकडे मनापासून लाज वाटायची. अर्जातले बाकीचे रकाने त्याने सुबक अक्षरात भरले होते. ब्योन सांग-मुक. गावच्या शाळेचे मास्तर. १९१९ च्या वसंतात गावच्या बाजारात स्वातंत्र्याची घोषणा वाचली, त्याच आठवड्यात घर सोडलं. पुढे मांचुरियात चाळीस माणसांची तुकडी उभी केली, अकरा वर्षं जपान्यांशी लढले, डाव्या हाताची दोन बोटं गमावली, मग रशियाच्या हद्दीत गेले. मृत्यूचा दिनांक तेवढा कोरा होता. तो भरून खाली कुटुंबप्रमुखाचा शिक्का उमटला, की आजोबांचं नाव स्मारकाच्या दगडावर चढणार होतं.

"बाबा, सोमवारी कागद द्यायचाय."

"मग दे की."

"कोरा?"

"लिही, माहीत नाही."

"माहीत असलेली बाई समोर बसलीय, आणि माहीत नाही लिहू? वर्गातल्या पोराने असं केलं तर मी त्याला बाकावर उभा करीन."

"मला कर उभा," उन-बे म्हणाला, आणि चपला सरकवून परसात निघून गेला.

चांद्र वर्षाच्या तिसऱ्या महिन्याची तीज होती. दक्षिणेकडे गेलेल्या पाकोळ्या या दिवशी परततात असं म्हणतात, आणि खरोखरच दोन पाकोळ्या पत्र्याच्या वळचणीखाली जागा बघत होत्या. शेजारच्या घरात डोंगरावरची गुलाबी फुलं पिठात बुडवून धिरडी चालली होती, वास कुंपणावरून येत होता. ब्योनांच्या घरात या दिवशी धिरडी होत नसत. या दिवशी सांग-मुक घरातून गेला. इथे ज्याच्या मरणाची तिथी कळत नाही, त्याचं श्राद्ध तो घरातून निघाला त्या दिवशी घालतात.

रीत सगळ्यांना मान्य होती. बोच वेगळीच होती, आणि ती उन-बेच्या काळजात एकोणसाठ वर्षं रुतून बसली होती.

१९३४ साली तो वीस वर्षांचा होता. जपानी फौजदार महिन्यातून दोनदा यायचा, धान्याची पोती भोसकून बघायचा आणि जाताना तिला, म्हणजे उन-बेच्या जन्मदात्रीला, चौकीवर घेऊन जायचा. ती दुसऱ्या दिवशी परत यायची आणि काही न बोलता चुलीपुढे बसायची. गावात तिला तिच्या माहेरावरून बामगोलची म्हणत. त्या वर्षीच्या तिजेला बामगोलची सुतकातले खरखरीत कपडे घालून अंगणात उभी राहिली, फाटक सताड उघडलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली की नवरा मेला, एका फेरीवाल्याने निरोप आणला. भर दुपारी, सगळ्या गावाच्या आणि फौजदाराच्या देखत तिने नवऱ्याचं पान वाढलं.

महिनाभर उन-बे घरातच होता. दारात एकही फेरीवाला आला नव्हता.

"जित्या माणसाचं श्राद्ध घालतेस?" तो ओरडला होता. तिने त्याची मान धरून वाकवली होती. "पाया पड," एवढंच म्हणाली होती.

फौजदाराचं येणं थांबलं, हे खरं. पण पंचेचाळीस साली जपानी गेले, इतर घरांतले बाप आणि भाऊ एकेक करून परतू लागले, तेव्हा उन-बे दोन वर्षं आठवड्यातून एकदा स्टेशनवर जाऊन उभा राहायचा. आप्पा आले नाहीत. जो माणूस घरच्यांनी मेल्यांत घातला त्याला घराची वाट कशी सापडणार? वाट तिने बंद केली, असं त्याच्या मनाने घेतलं ते घेतलं. त्याने तिची हेळसांड केली नाही. हिवाळ्यात कापसाचे कपडे, आजारपणात औषध, सगळं वेळच्या वेळी. फक्त तिला 'आई' म्हणून हाक मारली नाही. "तिला सांग, भात झालाय," असं बायकोकरवी बोलायचा, ती चार हातांवर बसलेली असली तरी. बासष्ट साली ती गेली, तोवर असंच.

त्याच्या मनात एकच आशा उरली होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती: आप्पा चौतीसच्या आधीच कुठेतरी मेले असावेत. म्हणजे ते सगळे नमस्कार मेलेल्यालाच पोचले, जित्याला नाहीत. काल रात्री या नव्या बहिणीने सहज सांगितलं की तिसरीत असताना आप्पांनी तिला कालव्यात पोहायला शिकवलं. ती साठीची होती. हिशोब कोणालाही जमला असता. म्हणूनच आता त्याला आकडा नको होता.

*

स्वयंपाकघरात ओक-बुन पितळेचे चमचे राखेने घासत होती, आणि तिची नणंद गाजराचे काड्यांसारखे बारीक तुकडे करत होती. सुरी इतक्या झपाट्याने चालली होती की ओक-बुनला स्वतःच्या हातांची लाज वाटली.

"वन्सं, तुमच्याकडे गाजराचं लोणचं घालतात म्हणे. इकडे गाजर आम्ही डुकराला घालतो."

"कोबी नव्हता ना तिकडे, वहिनी. सदतीस साली रशियन सरकारने आमच्या सगळ्या लोकांना सीमेवरून उचलून तिकडे नेलं, रेल्वेतून उतरवलं तेव्हा नुसतं वाळवंट होतं. पहिला हिवाळा जमिनीत खड्डे खणून काढला, असं आई सांगायची. मग जे उगवलं त्याचं लोणचं." तिने लसूण ठेचली, तिखट घातलं, वर गरम तेल ओतलं. चुर्र आवाज झाला आणि दारात चुलतदीर उन-ग्यू उभा राहिला.

उन-ग्यू बहात्तर वर्षांचा, कुळातला श्राद्धविधींचा जाणकार. म्हणजे तो स्वतःला तसं समजायचा, आणि वाद घालण्याचा कंटाळा म्हणून बाकीचे मान डोलवायचे. हाताला शाई लागली होती. पितरांच्या नावाचे कागद तोच लिहायचा.

"लसूण?" तो नाक उडवत म्हणाला. "तिखट? श्राद्धाच्या दिवशी? अहो, याच्या वासाने भुतं पळतात! काका फाटकापर्यंत येतील आणि तिथूनच परत फिरतील."

"भाऊ, आप्पा याच्याशिवाय जेवायचेच नाहीत," क्लावदिया म्हणाली. तिची बोली उत्तरेकडची, आणि तीसुद्धा जुनी. असे शब्द इथे आता फक्त थडग्यांवर सापडायचे. उन-ग्यूला त्या बोलीपुढे नेमकं रागावता येईना.

"ते तिकडे. इकडे ते पितर आहेत. पितरांनी शिस्तीत जेवायचं."

"तुमचे काका शिस्तीचे असते तर घर सोडून गेले असते होय?" ओक-बुन म्हणाली. "जा, कागद लिहा. शाई वाळतेय."

तो गेला. ओक-बुन चमचे पुसू लागली. दोन चमचे, एक सासऱ्यांचा, एक सासूबाईंचा. श्राद्धाच्या पानावर दोघांचे भाताचे वाडगे शेजारी शेजारी ठेवायचे असतात.

तिला सासूबाईंचे शेवटचे दिवस आठवले. अंगात ताप, आणि हात मात्र या चमच्यावर. "तुझ्या सासऱ्यांचा चमचा आडवाच ठेव," त्या म्हणाल्या होत्या. "वाडग्याच्या शेजारी. भातात रोवू नकोस. कोणी हसलं तर हसू दे." सगळ्या मुलखात श्राद्धाला चमचा भातात उभा रोवतात, मेलेला माणूस तसाच जेवतो. आडवा चमचा जित्याच्या ताटाला. ओक-बुनने विचारलं होतं, का? त्यांनी डोळे मिटून घेतले होते. उन-बेला ती आडव्या चमच्याची रीत मोडावीशी वाटली असती तर एका शब्दात मोडता आली असती. पण तो म्हणायचा, "राहू दे आडवा. तिच्या हाताला कापरं भरलं होतं, त्याची खूण आहे ती. दिसू दे वर्षातून एकदा."

नवऱ्याचं ते बोलणं ओक-बुनला कधीच आवडलं नव्हतं. पण संसारात न आवडलेल्या सगळ्याच गोष्टी बोलून दाखवल्या असत्या, तर पंचावन्न वर्षं झाली नसती.

"वहिनी," क्लावदिया हळूच म्हणाली, "दादा माझ्यावर रागावलाय का? माझ्या आईमुळे?"

"तुमच्यावर? छे. ते कोणावर रागावलेत ती बाई गेली एकतीस वर्षं डोंगरावर निजलीय." तिने चमचा उजेडात धरून पाहिला. "आणि तुमच्या आईवर रागवायचा मान सासूबाईंचा होता. त्या रागावल्या नसत्या. नवऱ्याला कोणी ऊन भात वाढतंय एवढं कळलं असतं, तरी त्यांना शांत झोप लागली असती."

 क्लावदियाने ओक-बुनच्या हातातला दुसरा चमचा घेतला आणि पुसायला लागली.

*

दुपारी पान मांडलं. दुसऱ्या घरांत श्राद्ध रात्री होतं. ब्योनांकडे भर दुपारी, फाटक उघडं टाकून. तीही बामगोलचीचीच रीत. उन-ग्यू दरवर्षीप्रमाणे पुटपुटत मांडणी तपासत होता. मासळी पूर्वेला, मांस पश्चिमेला. तांबडी बोरं पूर्वेला, सोललेले पांढरे चेस्टनटचे गर पश्चिमेला. पडद्यापुढे दोन नावांचे कागद, त्यापुढे भाताचे दोन वाडगे. बामगोलचीच्या भातात चमचा उभा. शेजारच्या वाडग्याजवळ चमचा आडवा.

"दादा, दरवर्षी सांगतो, यंदाही सांगतो," उन-ग्यू म्हणाला. "चमचा रोवू या. एकोणसाठ वर्षं काका पानावरून उपाशी उठताहेत. बाहेरगावचे पाहुणे आहेत आज, काय म्हणतील?"

"या घरात असंच चालतं," उन-बे म्हणाला. तेही दरवर्षीचंच उत्तर.

क्लावदिया गाजराची बशी घेऊन उंबऱ्यात आली होती. ती तिथेच थांबली. हान-सोपने पुढे होऊन बशी तिच्या हातातून घेतली.

"हा चमचा आडवा कोणी ठेवला?"

"झालं!" उन-ग्यूने हात झटकले. "कझाकस्तानच्या बाईलासुद्धा दिसलं! फक्त या घरातल्यांना—"

"मी ठेवला," ओक-बुन म्हणाली. "सासूबाईंनी सांगितलं होतं."

"त्यांनी कधी उभा केला नाही? एकदाही?"

"एकदाही नाही."

क्लावदिया जमिनीवर बसली. चुलीच्या उष्णतेने खालून तापलेल्या जमिनीवर दोन्ही तळवे टेकवून, दमलेली माणसं बसतात तशी.

"म्हणजे तिने केलं," ती म्हणाली. "आप्पा म्हणायचे तसंच केलं."

"काय म्हणायचे?" उन-बेचा आवाज चढला. "काय केलं?"

"दादा, आमच्याकडे तिसऱ्या महिन्याच्या तिजेला आप्पा घरी जेवत नसत. सकाळी कालव्यावर अंघोळ करायचे. कालव्याच्या फाटकांवर पाणी सोडायचं काम होतं त्यांच्याकडे, सगळे त्यांना पाणीवाला म्हातारा म्हणायचे. ते कोण होते हे आम्हालासुद्धा धड ठाऊक नव्हतं. तर अंघोळ करून धुतलेला सदरा घालायचे. दुपारी रिकाम्या मेजापाशी बसायचे, पुढ्यात चमचा आडवा ठेवून. आई चिडायची. म्हणायची, आज यांना माझ्या हातचं गोड लागत नाही, तिकडच्या बायकोकडे जेवण आहे. आप्पा म्हणायचे, हो, आज माझं पान घरी वाढलंय."

हान-सोपने गाजराची बशी कोपऱ्यात ठेवली.

"मी बारा वर्षांची होते तेव्हा विचारलं. पंचेचाळीस साल. त्या उन्हाळ्यात ते स्टेशनवर दोनदा जाऊन आले होते. आम्हा लोकांना बाहेरची तिकिटं देत नसत. दुसऱ्यांदा परत आले आणि कधी नव्हे ते बोलले. म्हणाले, निघताना मी तिला सांगितलं होतं, तुला फार छळलं तर मला मारून टाक. फाटक उघडं ठेवून, सगळ्यांच्या देखत माझं श्राद्ध घाल. मी निघालो त्याच दिवशी घाल, म्हणजे मी कुठेही असलो तरी मला कळेल. ती म्हणाली, घालीन. पण चमचा रोवणार नाही. तुम्ही गेल्याचं खात्रीचं कळेपर्यंत जित्याचं ताट वाढीन."

"तिने… म्हणजे ते दोघांचं ठरलेलं होतं?" हान-सोपने विचारलं.

"मी आप्पांना म्हटलं, तिने केलं असेल कशावरून? ते म्हणाले, केलं असेल तर पोरगा जगला असेल."

उन-बे पानाकडे बघत होता. तोच वाडगा, तोच चमचा. एवढी वर्षं त्याने तो गुन्ह्याची खूण म्हणून जपला होता, दरवर्षी मांडू दिला होता. आणि मांडणारी त्यावरून दर वर्षी सांगत होती की नवरा जिवंत आहे, जेवायला वाढलंय. ते वाचता आलं ते फक्त अडीच हजार मैलांवरच्या एका माणसाला.

"मला का नाही सांगितलं?" तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते त्यालाही कळलं नसेल.

उत्तर ओक-बुनने दिलं. "तुम्हाला? अहो, फौजदाराच्या बुटावर थुंकून तीन दिवस चौकीत उलटे टांगून घेतलेला माणूस तुम्ही. तुम्हाला एवढी गोष्ट पोटात ठेवायला दिली असती, तर पहिल्याच फटक्याला बाहेर आली असती. फटक्याने नाही, रागाने."

"मग नंतर? जपानी गेल्यावर?"

यावर हान-सोप बोलला, वर्गात बोलतो त्याहून पुष्कळ हळू. "बाबा, नंतर आजोबा रशियात होते. पन्नास साली युद्ध पेटलं तेव्हा ज्यांचं कोणी कम्युनिस्टांच्या मुलखात होतं त्यांना आपल्याच सरकारने रात्रीत उचललं, हे तुम्हीच मला सांगितलंय. आपल्या गावातली तीन घरं. तुम्हाला नेलं नाही. का नेलं नाही?"

उन-बेला आठवलं. शिपाई फाटकात आला होता, यादी वाचत. ब्योन सांग-मुकचा मुलगा कोण? आणि ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली होती. "त्याचा बाप चौतीस साली मेला. अख्ख्या गावाला विचारा, दरवर्षी श्राद्ध असतं." गावाने माना डोलावल्या होत्या. शिपाई पुढच्या घरी गेला होता.

"मला काही ठाऊक नव्हतं हो," ओक-बुन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. "मी एकदा त्यांना म्हटलं, तुमचा लेक तुम्हाला हाकसुद्धा मारत नाही, तुम्ही काही बोलत का नाही? म्हणाल्या, रागावू दे. रागावलेलं पोर घरात तर असतं."

 वळचणीखाली पाकोळ्यांची किलबिल चालली होती. मग उन-बे बहिणीकडे वळला.

"सांग तारीख."

तिने पर्स उघडली नाही. तिला पाठ होती. "एक्कावन्न साल. नोव्हेंबरची अकरा. हिवाळ्यासाठी कालव्याची फाटकं बंद करून आले, पाय दुखताहेत म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. मी अठरा वर्षांची होते."

उन-बे बोटांवर मोजायला लागला. चौतीस, पस्तीस, छत्तीस. हात दोन्ही संपले, पुन्हा पहिल्या बोटावर आला. या मोजणीची त्याला आयुष्यभर धास्ती होती, आणि आता ती मोजताना त्याच्या ओठांवर हसूसारखं काहीतरी होतं.

"अठरा," तो म्हणाला. "अठरा वेळा जेवले. मी समोर वाकलेलो, आणि ते तिकडे धुतलेला सदरा घालून बसलेले." मग मुलाला म्हणाला, "आण तो अर्ज. शिक्का माझ्या पेटीत आहे, जा."

त्याने अर्जावर शिक्का दाबला, वाजवीपेक्षा जास्त वेळ दाबून धरला, आणि पानापाशी येऊन चमचा उचलला.

"दादा, थांब थांब!" उन-ग्यू एकदम पुढे झाला. "आता तिथी कळली. आता श्राद्ध नोव्हेंबरात पडतं. आज चमचा रोवणं शास्त्रात बसत नाही!"

"भावजी!" ओक-बुन म्हणाली. "दरवर्षी चमचा रोवा, चमचा रोवा म्हणून कान किटवलेत. आज ते रोवताहेत तर तुमचं शास्त्र आडवं पडलं?"

"मी आपलं सांगतो."

"नोव्हेंबरातही करू," उन-बे म्हणाला. "तू म्हणशील तसं करू, रात्रीचं, फाटक लावून, सगळं शिस्तीत. पण निरोप आजच पोचायला हवा. ज्याची वाट बघत ताट ठेवलं होतं तो कधी गेला, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही."

 उन-ग्यूची नजर हान-सोपने कोपऱ्यात ठेवलेल्या गाजराच्या बशीवर गेली. तिच्याकडे त्याने थोडा वेळ अवघडून पाहिलं. "तांबडं ते पूर्वेला," तो घसा साफ करत म्हणाला. "गाजर… तांबड्यातच धरायला हरकत नाही." आणि त्याने स्वतःच्या हाताने बोरांची ताटली सरकवून जागा केली. लसणाचा वास खोलीभर पसरला. भुतं पळाली असतील तर पळोत, असा त्याचा चेहरा होता.

उन-बेने भाताच्या मधोमध चमचा रोवला. चमचा एकदा कलला. त्याने सरळ केला. दोन वाडगे, दोन उभे चमचे, त्या घरात पहिल्यांदाच. त्याने दारूचा प्याला ठेवला आणि वाकला. क्लावदियाला बायकांनी किती वेळा वाकायचं ते ठाऊक नव्हतं. ती भावाकडे बघून वाकली आणि तो उठेपर्यंत उठली नाही.

मग सगळे बाहेर ओसरीवर आले. पितर जेवताना जित्यांनी बघायचं नसतं. दार लावून बाहेर थांबायचं, नऊ घास खायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग घरातल्या मोठ्याने तीनदा खाकरायचं, आत कळावं म्हणून, आणि दार उघडायचं.

उन्हं ओसरीच्या फळ्यांवर आली होती. शेजारणीने कुंपणावरून फुलांच्या धिरड्यांची ताटली ठेवली आणि आत काय चाललंय ते पाहून न बोलता गेली. उन-ग्यू मनातल्या मनात घास मोजत होता, त्याचे ओठ हलत होते.

"दादा, नऊ झाले."

उन-बेने खाकरायला मान वर केली, आणि तसाच राहिला.

"झाले नऊ," उन-ग्यू पुन्हा म्हणाला. "खाकर ना."

"मोजू नकोस रे. चौऱ्याहत्तर वर्षांनी दोघं एका पानावर बसलीत." तो बहिणीकडे वळला. "आप्पा सावकाश जेवायचे का गं?"

"फार सावकाश," क्लावदिया म्हणाली. "माशाचा एकेक काटा काढून ताटाच्या कडेला लावून ठेवायचे. माझी आई भांडी घासायला ताटकळत बसायची."

"मग बसा सगळे," उन-बे दाराला पाठ टेकून म्हणाला. "घाई नाही. आई हाक मारील, तेव्हा उघडू."

ओक-बुनने त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुसून तीही खाली बसली.